ब्रिटन घ्यावं की भूतान?

एम.ए.च्या प्रकल्पाला 'राजेशाहीतली लोकशाही' हा विषय आला की निम्मी पोरं डोळे झाकून ब्रिटन घेतात. नोट्स आयत्या मिळतात ना! पण निवडण्याआधी भूतानकडेही बघा. ब्रिटनमध्ये सत्ता राजाच्या हातून ओढून घ्यावी लागली. भूतानमध्ये राजा ती देऊ करत होता आणि लोकच कचरत होते.

१६८९च्या बिल ऑफ राइट्सनं राजावर संसद बसवली, हे आपण घोकतो. पण ती संसद कुणाची? १८३२पर्यंत ओल्ड सॅरम नावाच्या ओसाड टेकडीचे दोन खासदार होते आणि गिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरचा स्वतःचा एकही नाही. चार्टिस्टांनी, म्हणजे मताधिकारासाठी लढणाऱ्या कामगार चळवळीनं, सहा मागण्यांचे अर्ज नेले, संसदेनं ते फेटाळले, आणि पुढे कित्येक दशकांत त्यातल्या पाच गुपचूप मान्य केल्या. गुप्त मतदान १८७२ला आलं. बायकांना पुरुषांच्या बरोबरीनं मत मिळायला १९२८ उजाडलं. विधेयकाला संमती नाकारणारी शेवटची राणी अ‍ॅन, साल १७०८. तो अधिकार कुणी काढून घेतला नाही, वापरात नाही म्हणून गंजला! मला ब्रिटनमध्ये सगळ्यात रस वाटतो तो इथे.

भूतानचा पट आटोपशीर. १९०७ला राजघराणं, १९५३ला राष्ट्रीय सभा, १९९८ला कारभार मंत्रिमंडळाकडे. २००७मध्ये तर लोकांना सवय व्हावी म्हणून लुटुपुटूची निवडणूक घेतली. निळा, हिरवा, लाल, पिवळा असे चार खोटे पक्ष. पिवळा हा राजाचा रंग. ४७पैकी ४६ जागा पिवळ्यालाच! २००८च्या खऱ्या निवडणुकीत एका पक्षाला ४५ जागा, विरोधी बाकावर दोघे. घटनेनं राजालाही पासष्टाव्या वर्षी निवृत्त केलंय.

मात्र 'उदार राजा' या गोष्टीवर भाळू नका. नव्वदच्या दशकात नेपाळी भाषक ल्होत्सांपांना देश सोडावा लागला. लाखभर माणसं नेपाळच्या छावण्यांत राहिली. हे प्रकरण वगळलंत तर तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येईल.

हाताशी एकच सत्र असेल तर मी भूतान सुचवेन. त्यांची घटना एका बैठकीत वाचून होते. ब्रिटनची एका जागी लिहिलेलीच नाही. वर्षभर वेळ असेल आणि 'हळूहळू' म्हणजे किती हळू हे दाखवायचं असेल, तर ब्रिटनच घ्या.

आणि मार्गदर्शकांनी महाराष्ट्राचा धागा मागितलाच, तर तो भूतानला जुळतो. औंध संस्थानच्या राजांनी १९३९ला बहात्तर गावांचं राज्य प्रजेच्या हाती दिलं. त्यात पुढाकार घेणारे त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत पुढे भारताचे पॉलिटिकल ऑफिसर, म्हणजे सरकारचे प्रतिनिधी, म्हणून गंगटोकला होते, आणि भूतानचं कामही त्यांच्याकडेच होतं.