इंटिग्रेटेड की रेग्युलर कॉलेज आणि वेगळा क्लास? दोन मुलांच्या बारावीनंतरचं मत

दहावीचा निकाल लागला की घरोघरी हाच प्रश्न असतो. आमच्याकडे दोन्ही प्रकार झाले. थोरली इंटिग्रेटेडला होती, म्हणजे कॉलेजचा अभ्यास आणि क्लास एकाच ठिकाणी. धाकटा अनुदानित ज्युनिअर कॉलेजात जायचा आणि क्लास वेगळा लावला होता. दोघांनीही जेईई आणि राज्याची सीईटी या प्रवेश परीक्षा दिल्या, त्यामुळे हे सगळं इंजिनिअरिंगच्या बाजूने लिहितोय. मेडिकलच्या नीटवाल्यांचा हिशोब थोडा वेगळा असू शकतो.

इंटिग्रेटेडचा वेळेचा फायदा खरा आहे. एकच जागा, एकच वेळापत्रक. सकाळी गेलेली मुलगी संध्याकाळच्या आत घरी यायची, जेवण वेळेवर, रात्र स्वतःच्या अभ्यासाला मोकळी. धाकट्याचं तसं नव्हतं. सकाळी सातचं कॉलेज, दुपारी डबा, मग क्लास, आणि घरी यायला रात्रीचे आठ. अकरावीच्या पहिल्या सहामाहीत तो वहीवर डोकं ठेवूनच झोपून जायचा, ते बघवायचं नाही. घर, कॉलेज आणि क्लास तिन्ही तीन टोकांना असतील, तर रेग्युलर घ्या असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. फीमध्ये रेग्युलर स्वस्त पडलं, पण क्लासची फी दोन्हीकडे असतेच, त्यामुळे फरक वाटतो तेवढा मोठा नसतो.

शिकवण्याच्या दर्जात मला फार फरक दिसला नाही. शिक्षक चांगला मिळाला की मूल दोन्हीकडे शिकतं. इंटिग्रेटेडमध्ये भर मात्र सगळा मॉड्यूलवर, म्हणजे क्लासच्या स्वतःच्या पुस्तिकांवर. थोरलीने बालभारतीची पुस्तकं बारावीच्या जानेवारीपर्यंत नीट उघडली नव्हती. जेईईला ते चालून जातं. सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, 80 टक्के बारावी आणि 20 टक्के अकरावी, शिवाय निगेटिव्ह मार्किंग नाही. दीड तासात गणिताचे 50 प्रश्न सोडवायचे तर अवघड गणितापेक्षा सोपी गणितं भराभर सुटणं महत्त्वाचं. धाकट्याची पुस्तकं कॉलेजात आपोआप होत गेली, आणि सीईटीच्या वेळी तो जास्त निवांत होता. अर्थात मुलामुलांत फरक असतो, हेही खरं.

माझं मत ज्या गोष्टीने ठरलं ती म्हणजे प्रॅक्टिकल.

थोरलीच्या बॅचला बारावीच्या जानेवारीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीची जर्नलं एकदमच पूर्ण करायला लावली. रीडिंगचे छापील कागद वाटले, ते उतरवून काढायचे. टायट्रेशनच्या, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून मोजायच्या प्रयोगाच्या पानावर सगळ्या वर्गाचं ब्युरेटचं (मापाच्या नळीचं) रीडिंग एकच. ती रात्री जेवणाच्या टेबलावर लिहीत बसली होती. मध्येच म्हणाली, "बाबा, हा एण्ड पॉइंट दिसतो कसा?" केमिस्ट्री हा तिचा आवडता विषय. रेडॉक्सची समीकरणं ती तोंडी सोडवायची, पण ब्युरेट तिने हातात धरली नव्हती. क्लासचं ज्या कॉलेजशी टाय-अप होतं, तिथे ती जायची ती फक्त फॉर्म भरायला आणि परीक्षेला. मार्कांना याने धक्का लागत नाही. 70 लेखीचे, 30 प्रॅक्टिकलचे, आणि त्या 30 पैकी बहुतेकांना भरपूर मिळतात. म्हणून पालकही काही बोलत नाहीत. मला मात्र ते फार लागलं.

धाकट्याने तोच प्रयोग कॉलेजच्या लॅबमध्ये केला. ऑक्झॅलिक आम्ल आधी गरम करायचं, मग वरून परमँगनेट थेंबथेंब सोडायचं. द्रावण गडद जांभळं, म्हणून रीडिंग पृष्ठभागाच्या वरच्या कडेवरून घ्यायचं. फिकट गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं, हाच एण्ड पॉइंट. एक थेंब जास्त पडून रंग गडद झाला, तर सर पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचे. घरी आल्यावर बोटांवरचे तपकिरी डाग दाखवत तो हे सगळं सांगायचा. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला त्याला लॅबची भीती नव्हती. थोरलीला ती पहिली सहामाही जड गेली, आणि ती त्याच्यापेक्षा हुशार आहे.

सगळीच इंटिग्रेटेड कॉलेजं अशी असतील असं नाही. काही ठिकाणी लॅब नियमित होते असं ऐकलंय. उलट कितीतरी रेग्युलर कॉलेजांत मुलं क्लासच्या नादात वर्गाकडे फिरकत नाहीत, मग रेग्युलर घेऊन उपयोग काय? जेईईला अगदी वरची रँक हेच एकमेव ध्येय असेल, तर इंटिग्रेटेडचा वेळ कामी येतो. बाकी मुलांना, जवळ चांगलं कॉलेज असेल तर, मी रेग्युलरच सुचवेन. बारावीच्या मार्कांकडेही दुर्लक्ष करून चालत नाही. एनआयटीला जेईई मेनच्या रँकसोबत बोर्डात 75 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना 65) किंवा बोर्डाच्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावं लागतं.

ठरवण्याआधी दोन्हीकडे आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी जाऊन या. प्रॅक्टिकलच्या बॅचचं वेळापत्रक मागा, बारावीच्या एखाद्या मुलाचं जर्नल बघा, त्यावर तारखा आणि सह्या कधीच्या आहेत ते पाहा. हे फॉर्म भरायच्या आधीच करा. अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाहेर जातं. क्लासवाले त्यांच्या टाय-अप कॉलेजचा कोड पहिल्या क्रमांकावर टाकायला सांगतात. त्या कॉलेजची लॅब बघितल्याशिवाय तो टाकू नका.