आल्याच्या गोळ्या पाच महिने घेतल्या, गुडघ्यापेक्षा कसारा घाटात जास्त उपयोग

नोव्हेंबरात सुरू केल्या. माझं पंचवटीत पिको-फॉलचं काम, दिवसभर मशीनवर, आणि नाशिकची थंडी, उजवा गुडघा सकाळी असा आखडायचा की जिना उतरताना कठडा धरून एकेक पायरी. भाचीने ऑनलाईन मागवून दिल्या, ५०० मिलिग्रॅमच्या, डब्यावर मोठ्ठं लिहिलेलं की सूज कमी आणि 'हॅपी हार्मोन' वाढतो.

पहिले पंधरा दिवस काही म्हणजे काही नाही, उलट रिकाम्या पोटी घेतली की जळजळ आणि सुंठेचे ढेकर, म्हणून मग जेवल्यावर घ्यायला लागले. मग हळूहळू कठडा सुटला, पण मांडी घालून बसता येत नाही ते नाहीच. आल्यातलं जिंजरॉल सूज आणणारं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, पेनकिलर पण तेच करते, हे फक्त हलकं. २००१ साली गुडघेदुखीच्या २४७ पेशंटवरचा अभ्यास छापून आला होता, आलं आणि कोळिंजन (आल्याच्याच कुळातलं मूळ) यांचा अर्क सहा आठवडे, उभं राहिल्यावरचं दुखणं ६३ टक्के लोकांचं कमी झालं, पण औषध नसलेल्या खोट्या गोळीवाल्यांतही ५० टक्क्यांचं झालंच की! आणि माझा गुडघा सुटला तोवर थंडीही ओसरत आलेली, त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं देव जाणे.

मूडचं तर विचारूच नका. लग्नसराईत "ताई, आजच पाहिजे" ऐकलं की चिडचिड तेवढीच.

खरी गंमत घाटात झाली. मुंबईला जाताना एसटीने इगतपुरी सोडली की माझ्या हातात प्लास्टिकची पिशवी ठरलेली. जानेवारीत निघायच्या आधी दोन गोळ्या घेतल्या आणि पिशवी घडी घातलेलीच राहिली, शेजारची बाई डोकं धरून बसलेली आणि मी चक्क चिवडा खात होते. नंतर वाचलं की मळमळ होते तेव्हा मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं हार्मोन वाढतं, २००३ च्या एका प्रयोगात १३ जणांना गरगरल्याचा भास देऊन बघितलं तर आधी एक-दोन ग्रॅम आलं घेतल्यावर मळमळ पण कमी आणि ते हार्मोन पण कमी. म्हणजे मेंदूच्या हार्मोनची गोष्ट अगदीच थाप नाही, डब्यावरचं हार्मोन तेवढं चुकलं!

जिंजरॉल किती टक्के ते डब्यावर नाही, कस्टमर केअरला तीनदा फोन केला, "कळवतो मॅडम". आईलाही द्याव्या म्हटलं तर तिच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू, डॉक्टर सरळ नको म्हणाले. परत डबा काही मागवणार नाही, उरलेल्या दहा-बारा गोळ्या पर्सच्या कप्प्यात टाकल्यात, घाटासाठी.