८५ गुणांचा गेम आणि माझी वही

धाकटा भाऊ मला एखादा गेम सुचवतो तेव्हा नावाआधी आकडा सांगतो. "ताई, ९७ आहे, डोळे झाकून घे." नाहीतर, "७१ आहे गं, कशाला वेळ घालवतेस?" हा आकडा म्हणजे मेटाक्रिटिक या साइटवरचा मेटास्कोर, समीक्षकांच्या गुणांची शंभरपैकी सरासरी. मीही पूर्वी तेच करायचे. साइट उघडायची, हिरवा चौकोन दिसला की पैसे भरायचे, पिवळा दिसला की पुढचा गेम बघायचा.

मग मी एक वही घातली. डाव्या पानावर समीक्षकांचा आकडा, उजव्या पानावर गेम संपल्यावर मला काय वाटलं त्याच्या चार ओळी. उजवीकडे गुण लिहायचे नाहीत, एवढा एकच नियम. ती वही समोर ठेवून हे लिहिते आहे. या साइटवर मी आजही जाते, नवीन काही घ्यायच्या आधी तर हमखास, म्हणून तिच्याबद्दल जे वाटतं ते मनापासून सांगायचं आहे.

मेटाक्रिटिक २००१ सालापासून चालू आहे. काम सांगायला सोपं आहे. ठिकठिकाणची परीक्षणं गोळा करायची, कोणी दहापैकी, कोणी पाच ताऱ्यांपैकी दिलेले गुण शंभरात बसवायचे आणि सरासरी काढायची. पण ही सरासरी सरळ नसते. काही प्रकाशनांच्या मताला जास्त वजन असतं, काहींच्या कमी, आणि कोणाला किती ते साइट सांगत नाही. मला हे पटत नाही. ज्या आकड्यावर लोक खरेदी ठरवतात तो कसा आला हे दिसायला हवं. २०१५ साली आलेली ओपनक्रिटिक ही साइट सगळ्यांना सारखंच धरते आणि किती टक्के समीक्षक गेमची शिफारस करतात तेही दाखवते. या बाबतीत माझं मत सरळ तिच्या बाजूने आहे.

रंगांचंही तसंच. मेटाक्रिटिकवर गेमला ७५ आणि त्यापुढे हिरवा रंग, ५० ते ७४ पिवळा, त्याखाली लाल. चित्रपटाला मात्र ६१ ला हिरवा मिळतो! म्हणजे ७० गुणांचा चित्रपट "बघा" म्हणून उभा राहतो आणि ७० गुणांचा गेम "जपून" म्हणून. गेमच्या परीक्षणांत दहापैकी सात म्हणजे बेताचा, असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं आहे. खालचे आकडे क्वचितच वापरले जातात. ते वापरायची वेळ येते ती २००३ च्या 'बिग रिग्ज'सारख्या गेमवर. त्यात ट्रक इमारतींतून आरपार जातो, शर्यतीतला प्रतिस्पर्धी जागचा हलत नाही, आणि रिव्हर्स गिअरमध्ये वेग वाढतच राहतो. त्याचा मेटास्कोर ८ आहे, शंभरपैकी. तो आकडा मला अगदी योग्य वाटतो.

दुसऱ्या टोकाला 'ओकारिना ऑफ टाइम'. १९९८ चा गेम, मेटास्कोर ९९. त्याच्या वर अजून कोणी गेलेलं नाही. तो आला तेव्हा ही साइट अस्तित्वातही नव्हती, जुनी परीक्षणं मागाहून जमवून तो आकडा बांधला आहे.

पण वहीतलं जे पान मी सगळ्यात जास्त वेळा उघडते ते 'डेडली प्रेमोनिशन'चं. २०१० साली हा गेम एक्सबॉक्स ३६० वर आला. आयजीएन या गेमिंग साइटने त्याला दहापैकी २ दिले आणि डिस्ट्रक्टॉइड या दुसऱ्या साइटने दहापैकी १०. एकच गेम, एकच कन्सोल. सगळ्यांचा मिळून मेटास्कोर ६८, म्हणजे पिवळा. त्या दोन परीक्षणांचीच सरासरी काढली तर ६ येते. पण सहा गुणांचा गेम त्या दोघांपैकी कोणीच खेळला नव्हता. एकाला तो असह्य झाला होता आणि दुसरा त्याच्या प्रेमात पडला होता.

मी तो खेळले तेव्हा दोघांचंही म्हणणं समजलं. बंदूक रोखायची तर हात बांधल्यासारखे वाटतात. गाडी वळवणं म्हणजे शिक्षा. ग्राफिक्स त्या काळाच्याही मागे होते. आणि तरीही ग्रीनव्हेल या गावातून पाय निघत नाही. गावातल्या प्रत्येक माणसाचा आपापला दिनक्रम आहे, तुम्ही बघत असा वा नसा. तपासाला आलेला एफबीआयचा यॉर्क मधूनच 'झॅक' नावाच्या कोणाशी तरी बोलतो, आणि आपल्याला हळूहळू वाटू लागतं की तो आपल्याशीच बोलतो आहे. दाढी केली नाही तर ती वाढत जाते. सूट बदलला नाही तर त्याच्याभोवती माश्या घोंघावायला लागतात. एके रात्री मी मुद्दाम तपास बाजूला ठेवला आणि पावसात गावातून नुसती गाडी फिरवत राहिले. वहीत लिहिलं आहे: "कंट्रोल वाईट. यॉर्कची आठवण येते."

हे ६८ मध्ये कुठे बसवायचं?

म्हणून मला जपानी साप्ताहिक फामित्सूची पद्धत फार आवडते. तिथे चार जण एकच गेम खेळतात, प्रत्येक जण दहापैकी गुण देतो, आणि चारही आकडे शेजारी शेजारी छापले जातात. बेरीज चाळीसपैकी. पहिले ४० पैकी ४० 'ओकारिना'लाच मिळाले. बेरीज बघायचीच, पण त्याआधी नजर त्या चार आकड्यांवरून फिरते. ८, ८, ८, ८ आणि १०, ९, ७, ६ यांची बेरीज ३२ च, पण दुसऱ्या गेमबद्दल मला लगेच कुतूहल वाटतं. सहा देणाऱ्याला काय खटकलं?

आता मेटाक्रिटिकवर गेल्यावर मी तेच करते. वरचा मोठा आकडा सोडून खाली समीक्षकांच्या यादीत जाते. सगळ्यात जास्त गुण देणारं एक परीक्षण पूर्ण वाचते, सगळ्यात कमी देणारं एक पूर्ण वाचते. बहुतेक वेळा दोघंही एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात. एकाला 'रेड डेड रिडेम्प्शन २' मधला संथपणा जड जातो. कपाट उघडायचं तर नायक आर्थर खरोखर हात पुढे करून एकेक खण उघडतो, शिकारीचं कातडं काढायचं तर ते अख्खं बघावं लागतं. दुसऱ्याला त्याच संथपणात माणूस जिवंत झालेला दिसतो. गेमचा मेटास्कोर ९७. मी दुसऱ्याच्या बाजूची, पण पहिल्याचं वाचल्यामुळेच तो खेळायला निवांत सुट्टी काढली.

कोणत्या मशीनवरचा आकडा आहे हेही बघावं लागतं. 'सायबरपंक २०७७' डिसेंबर २०२० मध्ये आला. आधी समीक्षकांना फक्त पीसीची प्रत मिळाली होती, आणि स्वतः रेकॉर्ड केलेला व्हिडिओ परीक्षणात दाखवायलाही बंदी होती. पीसीवरचा मेटास्कोर ८६, तर सोनीच्या पीएस४ या कन्सोलवरचा ५७. एका गेमच्या दोन आवृत्त्यांत २९ गुणांचं अंतर! सोनीने तर आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून काढला आणि जून २०२१ मध्येच परत आणला. सुरुवातीला ज्यांनी पीसीचा आकडा बघून जुन्या कन्सोलसाठी पैसे भरले, त्यांच्या मनाची अवस्था मला नीट कळते. मीही एक गेम असाच घेतला होता, नाव सांगत नाही. आकडा ८८, तोही दुसऱ्याच मशीनवरचा. माझ्याकडच्या जुन्या कन्सोलवर चौदा तासांनंतर सेव्ह फाइल खराब झाली आणि सगळं गेलं. त्या पानावर उजवीकडे मी काहीच लिहू शकले नाही.

आणि आकडा एकदा लागला की लागला. मेटाक्रिटिक समीक्षकाने पहिल्यांदा दिलेलेच गुण धरते, नंतर त्याने बदलले तरी तिथे बदलत नाहीत. 'नो मॅन्स स्काय' २०१६ मध्ये आला तेव्हा पीएस४ वर त्याला ७१ मिळाले, आणि तेव्हा ते बरोबरच होते. कबूल केलेलं बरंच काही त्यात नव्हतं. पण त्या छोट्या टीमने वर्षानुवर्षं मोफत अपडेट दिली. २०१८ च्या 'नेक्स्ट' अपडेटने मित्रांसोबत खरोखर एकत्र खेळता यायला लागलं. आजचा गेम वेगळा आहे. पान मात्र २०१६ चंच. भावाने "७१ आहे गं" म्हणून जो गेम मोडीत काढला तो हाच, आणि माझ्या वहीत त्याची चार पानं भरली आहेत.

या आकड्याने माणसांचं नुकसानही होतं. 'फॉलआउट: न्यू व्हेगस' बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटास्कोर ८५ झाला तर बोनस मिळायचा होता. ८४ झाला. एका गुणाने बोनस हुकला. ज्या आकड्याचं सूत्र कोणाला दिसत नाही त्यावर लोकांच्या मेहनतीचा मोबदला टांगणं मला साफ चुकीचं वाटतं. यात दोष समीक्षकांचा नाही, त्यांनी आपापलं मत लिहिलं. पैसे त्या सरासरीला बांधणाऱ्यांचा आहे.

खेळणाऱ्यांचे गुण वेगळे दाखवले जातात, पण त्यांच्याकडे मी बघत नाही. 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' जून २०२० मध्ये आला आणि पहिल्याच दिवशी हजारोंनी शून्य गुण ओतले. गेम वीसेक तासांचा, इतक्या लवकर संपवला कोणी? त्यानंतर साइटने गेम आल्यावर पहिले ३६ तास खेळाडूंकडून गुण घेणं थांबवलं. चांगलं केलं.

वहीतलं शेवटचं पान सांगते. 'आउटर वाइल्ड्स', २०१९. पीसीवर मेटास्कोर ८५. 'रेड डेड'पेक्षा बारा गुण कमी, म्हणून तो माझ्या यादीत दोन वर्षं खाली पडून होता. त्यात शस्त्र नाही, पातळ्या नाहीत, जमवायला काही नाही. बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो, सगळं संपतं आणि तुम्ही पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. तुमच्याजवळ उरतं ते फक्त तुम्हाला जे कळलं आहे ते. एक ग्रह आतून ढासळत कृष्णविवरात पडतो आहे. दोन जुळ्या ग्रहांपैकी एकावरची वाळू दुसऱ्यावर वाहते, आणि तिथलं गुहेतलं शहर बुजायच्या आत बघायला मिळतं ते थोडाच वेळ.

हातात आवाज टिपायचं एक यंत्र असतं. ते आकाशाकडे रोखलं की दूरच्या ग्रहांवर एकटे बसलेले प्रवासी ऐकू येतात. एकाकडे बँजो, एकाकडे बासरी, एकाकडे ढोल, एकाकडे माउथ ऑर्गन, आणि चंद्रावरचा एक जण नुसती शीळ घालतो. जवळ गेलं की एकच वाद्य. पण सूर्यमालेच्या अगदी बाहेर जाऊन यंत्र मागे वळवलं, आणि सगळे एका रेषेत आले, की कळतं, हे सगळे जण एकमेकांना न बघता एकच धून वाजवत आहेत. मी इंजिन बंद केलं आणि सूर्य फुटेपर्यंत ऐकत बसले.

भावाला मी आकडा न सांगता तो गेम दिला. तीन आठवड्यांनी रात्री एक वाजता त्याचा फोन आला. बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "ताई, तुला आधी बँजो सापडला होता की बासरी?"