थिन फिल्म सोलरवर पीएचडी करायचीय, पेरोव्हस्काइट घेऊ का सीझेडटीएस?

केगावला (सोलापूर विद्यापीठात) फिजिक्समध्ये एमएस्सी करणारी पोरं-पोरी सध्या हेच विचारायलेत, आणि विचारताना मोबाइलवर एफिशियन्सीचा (उन्हाच्या ऊर्जेतली किती टक्के वीज होते त्याचा) चार्ट पुढं करतात. चार्ट बघून मटेरियल ठरवू नका बे. गाइडच्या लॅबमध्ये काय काय चालू आहे ते आधी बघा, नुसतं "आहे" आणि "चालू आहे" यात लई फरक असतो.

पेरोव्हस्काइटची (शिसं-आयोडीनवाल्या एका खास क्रिस्टल रचनेच्या मटेरियलची) हवा का आहे ते उघड आहे. २००९ ला जपानात मियासाकांच्या ग्रुपनं ३.८ टक्के दाखवले, आज एकट्याचे २६ च्या वर गेलेत आणि सिलिकॉनवर चढवून टँडेम केला तर ३४ च्या पुढं. करायलाही मजा येते, स्पिन कोटर (स्लाइड गरागरा फिरवून फिल्म पसरवणारं मशीन) फिरत असतानाच नेमक्या सेकंदाला अँटीसॉल्व्हंट (फिल्म झटक्यात जमवणारं द्रावक) सोडायचं आणि स्लाइड १०० डिग्रीच्या हॉटप्लेटवर ठेवली की फिकट फिल्म बघता बघता काळपट तपकिरी होते. पण ओलावा लागला की तीच फिल्म पिवळी पडते, कारण लेड आयोडाइड सुटं होतं. आपल्याकडं एप्रिल-मेची हवा कोरडी ठणठणीत असते म्हणून तेव्हा सगळं जमल्यासारखं वाटतं, मग जुलै उजाडतो आणि तीच रेसिपी, तोच माणूस, पण रिझल्ट वेगळाच. चांगला ग्लोव्हबॉक्स (ओलावा आणि हवा बाहेर ठेवणारी बंद पेटी) नसेल तर तीन-चार वर्षं ह्याच भानगडीत जातील, वर शिशाचा कचरा सांभाळायचा तो वेगळाच.

सीझेडटीएस म्हणजे तांबं, जस्त, कथील, गंधक. सगळं स्वस्त, सहज मिळणारं, बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) १.५ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास म्हणजे सोलरसाठी अगदी हवा तसा. व्हॅक्यूम सिस्टीम नसली तरी स्प्रे, केमिकल बाथ (काच द्रावणात बुडवून ठेवणं), सिलार (काच आलटून पालटून द्रावणांत बुडवणं), स्पिन कशानंही फिल्म पडते, शेवटी सल्फरच्या वाफेत भाजायला ट्यूब फर्नेस तेवढा पाहिजे (आणि भाजणं चालू असताना लाइट जाऊ नये एवढी प्रार्थना). मग अडतं कुठं? तांबं आणि जस्त क्रिस्टलमध्ये एकमेकांच्या जागा बळकावतात, त्यात झिंक सल्फाइड, कॉपर टिन सल्फाइड असले नको ते फेज मध्येच तयार होतात, आणि व्होल्टेज जेवढं मिळायला पाहिजे त्याच्या बरंच खाली राहतं. एक्सआरडीत (एक्स-रेनं क्रिस्टल ओळखायची चाचणी) तर ह्या फेजचे पीक सीझेडटीएसच्या पीकवरच बसतात, त्यामुळं ग्राफ सुंदर आला म्हणून पेढे वाटू नका, रामन (लेझर टाकून फेज ओळखायची चाचणी) करा, ३३७-३३८ सेंमी⁻¹ ला मेन पीक आला आणि बाकीचे पीक नाहीत असं दिसलं तर बोलू. आयबीएमनं २०१३ ला १२.६ टक्के काढले तेही सेलेनियम मिसळून आणि हायड्राझिनमधून, जे विषारी आणि स्फोटक असतंय, त्याचा नाद करायचा नाय. त्यानंतर कितीतरी वर्षं आकडा हललाच नाही, आता कुठं १४ च्या पुढं सरकलाय. म्हणजे काम भरपूर शिल्लक आहे, मला तरी हे चांगलं लक्षण वाटतं.

थिन फिल्ममधलेच दुसरे दोन, कॅडमियम टेल्युराइड आणि सीआयजीएस (तांबं, इंडियम, गॅलियम, सेलेनियम) दोन्ही २३ टक्क्यांच्या आसपास पोचलेत. कॅडमियम टेल्युराइडला तर खरीखुरी इंडस्ट्री आहे, फर्स्ट सोलर ह्या अमेरिकन कंपनीच्या तमिळनाडूतल्या कारखान्याचं उद्घाटन २०२४ ला झालं, आणि उन्हात तापल्यावर सिलिकॉनपेक्षा त्याचं नुकसान कमी होतं, जे आपल्या ४३-४४ डिग्रीच्या गावाला बरंच आहे. पण व्हॅक्यूमवाली लॅब नसेल तर लांबूनच नमस्कार. सीआयजीएसचं इंडियम महाग, पुढं नोकरीच्या दृष्टीनं पण मी त्याच्या मागं लागणार नाही.

तर एमएस्सीचा प्रोजेक्टच असेल तर डोळे झाकून सीझेडटीएस, किंवा त्याहून सोपं म्हणजे केमिकल बाथनं कॅडमियम सल्फाइडचा बफर लेयर (सेलमधला एक पातळ मधला थर), हात बसतो. पीएचडी सोलापुरात किंवा कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात करणार असाल (तिथं केमिकल बाथवाल्या फिल्मची जुनी परंपरा आहे) तरी माझं मत सीझेडटीएसलाच. बाहेर पोस्टडॉकला जायचं डोक्यात पक्कं असेल आणि लॅबला ग्लोव्हबॉक्स, सोलर सिम्युलेटर (सेल तपासायला नकली ऊन देणारा दिवा) दोन्ही असतील तर मात्र पेरोव्हस्काइट घ्या, मागणी तिकडंच आहे.

आणि रामनला सॅम्पल कुठं पाठवतात, रिपोर्ट किती दिवसांनी येतो, पैसे कोण भरतं हे गाइडला विचारू नका, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या सीनियरला चहाला नेऊन विचारा.