ट्रॅव्हल कार्ड छान आहे, पण लवादाचं कलम पत्र पाठवून नाकारा

रेटिंग: पाचपैकी तीन तारे

न्यूजर्सीत जरा स्थिरस्थावर झालं की आपल्यातले बरेच जण घेतात, तसलंच हे पॉइंट्सवालं क्रेडिट कार्ड. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण ज्या कलमाबद्दल माझी तक्रार आहे ते इथल्या अनेक मोठ्या बँकांच्या करारात असतं. वापरायला कार्ड उत्तम. पुण्याला लक्ष्मी रोडवर लग्नाच्या साड्या घेतल्या, तर परकीय चलनाचं शुल्क एक पैसा लागलं नाही.

दोन तारे कापले ते लवादासाठी. वाद झाला तर ज्युरीसमोर जायचं नाही, खासगी लवादाकडे जायचं, आणि इतर ग्राहकांबरोबर मिळून दावाही लावायचा नाही, असं करारात अगदी शेवटी लिहिलंय. मला खुपतं ते हे शेवटचं. लाखो लोकांचे पंचवीस-पंचवीस डॉलर चुकीचे कापले गेले, तर तेवढ्यासाठी एकटा माणूस वकील कुठून करणार? 2011 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एटी अँड टी या फोन कंपनीच्या खटल्यात अशा अटींना बळ दिलं. 2017 मध्ये सीएफपीबीने, म्हणजे आर्थिक व्यवहारांत ग्राहकांचं हित बघणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेने, त्या रोखणारा नियम केला, पण सिनेटमध्ये 50-50 मतं पडली आणि उपाध्यक्ष पेन्स यांच्या मताने तो मोडीत निघाला.

तरी सुटका आहे. माझ्या करारात हे कलम नाकारायला खातं उघडल्यापासून ठरावीक मुदत होती. ॲपमध्ये त्यासाठी बटण नाही, फोनवर सांगून चालत नाही. कस्टमर केअरच्या मुलीला तर हे ठाऊकच नव्हतं. सही केलेलं पत्रच पोस्टाने पाठवावं लागतं, तेही बिलाच्या नव्हे, करारात दिलेल्या वेगळ्या पत्त्यावर. नाव, पत्ता, खाते क्रमांक आणि ‘लवादाचं कलम मला मान्य नाही’ हे वाक्य, बस्स. मी सर्टिफाइड मेलने पाठवलं आणि पावती कराराला टाचून ठेवली. कार्ड आहे तसंच चालू आहे, लिमिटही तेवढंच. भाच्याला कार्ड आलं तेव्हा त्याच्याकडूनही लगेच पत्र लिहून घेतलं.

मुदत टळली असेल तरी बहुतेक करारांत स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांचं कोर्ट, खुलं ठेवलेलं असतं. न्यूजर्सीत तिथे 5,000 डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो. बिलातच चूक असेल, तर ते बिल पाठवल्यापासून 60 दिवसांच्या आत बँकेला लेखी कळवा, तो हक्क 1974 च्या कायद्याने दिलेला आहे. आणि कार्ड घ्यायच्या आधीच करार बघायचा असेल, तर सीएफपीबीच्या साइटवर बँकांचे करार फुकट वाचता येतात. त्यात ‘आर्बिट्रेशन’ (लवाद) हा शब्द शोधा आणि नाकारण्याची मुदत किती आहे ते आधी पाहा.