एनबीएची कुठली क्रमवारी वाचावी? पॉवर रँकिंग, गणिती तक्ता आणि रूकी लॅडर

एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमध्ये ३० संघ, प्रत्येकाचे ८२ सामने, आणि आपल्याकडे ते पहाटे नाहीतर ऐन कामाच्या सकाळी. नोकरी सांभाळून सगळं पाहणं कुणालाच जमत नाही. म्हणून आठवड्याला एक-दोन क्रमवाऱ्या वाचून अंदाज घ्यायचा, एवढंच हाती उरतं. त्यातली कुठली धरायची हे मित्र मला दर ऑक्टोबरला विचारतात. माझं मत ठाम आहे, पण ते संघांसाठी एक आणि रूकींसाठी, म्हणजे पहिल्याच हंगामात खेळणाऱ्या नव्या खेळाडूंसाठी, वेगळं.

आधी संघ. पत्रकारांच्या क्रमवाऱ्या, म्हणजेच पॉवर रँकिंग, दोन तऱ्हेच्या असतात. ईएसपीएनवर अनेकांची मतं एकत्र करून यादी लागते. एनबीए डॉट कॉमवर जॉन शुमन वर्षानुवर्षं एकट्याच्या जबाबदारीवर यादी लिहीत आला आहे, आणि प्रत्येक संघाखाली शंभर पझेशनमागे (चेंडू ताब्यात आल्यावर मिळणाऱ्या शंभर संधींमागे) किती गुण केले, किती दिले, खेळाचा वेग किती, हे आकडे देतो. मला दुसरी तऱ्हा कितीतरी जास्त उपयोगी वाटते. दहा जणांची सरासरी काढली की एखादा संघ सातवरून अकरावर का घसरला, याचं उत्तर कुणाकडेच नसतं. एकाच माणसाची यादी पटली नाही, तरी ती का पटली नाही ते तरी कळतं.

तिसरा पर्याय निव्वळ गणिताचा. बास्केटबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावरचं एसआरएस (सिंपल रेटिंग सिस्टीम) घ्या: सरासरी किती गुणांनी जिंकता, आणि समोरचे संघ किती तगडे होते, एवढंच त्यात मोजलं जातं. जॉन हॉलिंजरने ईएसपीएनसाठी असंच क्रमवारीचं सूत्र बनवलं तेव्हा त्यात अलीकडच्या सामन्यांना जास्त वजन दिलं होतं. हाच हॉलिंजर २०१२ च्या अखेरीस थेट मेम्फिस ग्रिझलीजच्या व्यवस्थापनात गेला. गणिताची ताकद पाहायची तर २०१५-१६ चा हंगाम काढा. गोल्डन स्टेटने ७३ सामने जिंकून विक्रम केला, सगळीकडे त्यांचाच बोलबाला. सॅन अँटोनियोने ६७ जिंकले होते. पण एसआरएसमध्ये दोघांत जेमतेम दशांशाचा फरक होता: १०.३८ आणि १०.२८. विजयांचा रकाना पाहून हे कधीच कळलं नसतं.

मग गणितच का धरू नये? कारण त्याला दुखापतीची बातमी नसते. वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ऑक्टोबर २०१९ ला सॅक्रामेंटोविरुद्ध दोन सामने खेळले, तेव्हापासून इंडियाना पेसर्स माझ्या जवळचे. २०२४-२५ मध्ये त्यांची सुरुवात १० विजय, १५ पराभव अशी झाली. आकड्यांना दिसला तो एक सुमार संघ. पण जेम्स वाइजमन आणि आयझाया जॅक्सन हे दोन्ही राखीव सेंटर (बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू) पहिल्या काही दिवसांतच टाचेमागचा अकिलीस टेंडन फाटून हंगामाबाहेर गेले होते. नेस्मिथ आणि नेमहार्ड हे नेहमीचे खेळाडूही बरेच दिवस बाहेर बसले. हीच मंडळी शेवटी ५० सामने जिंकून अंतिम फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत गेली. बरं, पत्रकार तरी नेहमी बरोबर येतात का? २०२३ मध्ये मायामीचा हंगामभराचा गुणफरक उणे होता, तरी ते आठव्या मानांकनावरून फायनलला पोचले. तेव्हा सगळेच चुकले.

म्हणून संघांसाठी माझा सल्ला असा: डिसेंबरपर्यंत शुमनची यादी वाचा, कारण तेव्हा सामने थोडे आणि कारणं जास्त असतात. जानेवारीनंतर एसआरएस उघडा, आणि यादीशी त्याचा मेळ बसत नाही असे दोन-तीन संघ शोधा. सकाळी लवकर उठून पाहायचे सामने त्यांचेच.

रूकींच्या बाबतीत मात्र मी सावध आहे. एनबीए डॉट कॉमचं रूकी लॅडर दर आठवड्याला पहिल्या दहांची नावं देतं. सांभाळायची गोष्ट ही, की ते लॅडर वर्षातल्या सर्वोत्तम रूकीच्या पुरस्काराची शर्यत मोजतं. खेळाडू पुढे किती मोठा होणार, हा त्याचा विषयच नाही.

२०२३-२४ चं उदाहरण बारकाईने पाहा. पश्चिम विभागाचा महिन्याचा सर्वोत्तम रूकी हा मान ऑक्टोबर-नोव्हेंबरला आणि डिसेंबरला चेट होल्मग्रेनला मिळाला, त्यानंतर हंगाम संपेपर्यंत व्हिक्टर वेम्बान्यामाला. वेम्बी जानेवारीत अचानक खेळायला शिकला नव्हता. सुरुवातीला सॅन अँटोनियोने त्याला झॅक कॉलिन्सच्या शेजारी फॉरवर्ड म्हणून उभं केलं होतं, आणि चेंडू पुढे नेण्याची जबाबदारी जेरेमी सोहानवर होती, जो मुळात पॉइंट गार्डच (चेंडू पुढे नेऊन खेळ रचणारा) नव्हता. संघ सलग १८ सामने हरला. डिसेंबरमध्ये वेम्बीला सेंटरवर हलवलं, जानेवारीत ट्रे जोन्स सुरुवातीच्या पाचात आला आणि चेंडू वेळेवर वेम्बीच्या हातात पडू लागला. वर्षअखेर रूकी पुरस्काराच्या मतदानात पहिल्या क्रमांकाची ९९ पैकी ९९ मतं वेम्बीची. नोव्हेंबरमध्ये नुसता क्रमांक पाहणाऱ्याला यातलं काही दिसलं नसतं.

उलट बाजू मायकल कार्टर-विल्यम्सची. पहिल्याच सामन्यात मायामीला हरवताना २२ गुण, १२ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास), ९ स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू). २०१३-१४ चा रूकी पुरस्कारही त्यालाच. पण तो फिलाडेल्फिया संघ १९ सामने जिंकणारा होता आणि लीगमध्ये सर्वांत वेगाने खेळायचा, त्यामुळे आकडे आपोआप फुगायचे. पुढच्याच हंगामात संघाने त्याला दुसरीकडे धाडलं.

फँटसी संघासाठी (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळातल्या संघासाठी) रूकी निवडायचा असेल तर लॅडर वाचाच. चालू महिन्यात कोण किती खेळतोय ते त्यातून चटकन कळतं. पण दोन-चार वर्षं ज्याच्यामागे जायचं असा खेळाडू हवा असेल, तर लॅडरमधल्या पाचव्या ते दहाव्या नावांपाशी थांबा. तो कुठल्या जागी खेळतोय, मिनिटं वाढताहेत की घटताहेत, संघाचा वेग किती, एवढं तपासा. २०१६ च्या रूकी पुरस्काराच्या मतदानात टाउन्स आणि पोर्झिंगिस यांच्यामागे तिसरा आलेला, ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत) ४१ वा निवडलेला मुलगा निकोला योकिच होता.