‘अ‍ॅना’ की ‘वॉर अँड पीस’?

हेलन एडमंडसन यांनी टॉलस्टॉयच्या दोन्ही महाकादंबऱ्या ‘शेअर्ड एक्स्पीरियन्स’ या ब्रिटिश नाटकमंडळीसाठी रंगमंचावर आणल्या. १९९२ च्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’त एक झकास युक्ती आहे. कादंबरीत पार शेवटाकडे एकदाच भेटणारे अ‍ॅना आणि लेविन इथे नाटकभर बोलतात, आता तू कुठे आहेस, असं एकमेकांना विचारत राहतात. तेवढ्या प्रश्नावर स्थळ बदलतं, काळ सरकतो. नेपथ्याचा ट्रकभर पसारा लागत नाही. दौऱ्यावरच्या नाटकाला आणखी काय हवं?

‘वॉर अँड पीस’ १९९६ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरात आलं आणि २००८ मध्ये दोन भागांत दौऱ्यावर निघालं. मोजक्या नटांनी नेपोलियनची स्वारी उभी करायची, हे धाडसच! पण सवडही दुप्पट हवी. एकच बघायचं तर मी ‘अ‍ॅना’ निवडेन. ‘वॉर अँड पीस’चा नायक पिएर, त्याच्या चाहत्यांनी खुशाल भांडावं.